'अप टू' ऐंशी तास

सहा वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना प्रीपोझिशन शिकवली. 'अप टू' म्हणजे 'पर्यंत', हे फळ्यावर लिहून खाली रेघ मारायचे. आणि व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायला जायच्या माझ्या स्वतःच्या करारपत्रात तिसऱ्या पानावर तेच दोन शब्द बसले होते, ते मला दिसले नाहीत. 'अप टू एटी टीचिंग अवर्स पर मंथ.' मी वाचलं ते नुसतं 'ऐंशी तास'. वेंगुर्ल्यात आमच्या पडवीत बसून मोबाइलवर हिशोब केला. तासाला अडीच लाख डाँग (तिथलं चलन), गुणिले ऐंशी, दोन कोटी. रुपयाला साधारण तीनशे डाँग धरले तर सहासष्ट हजार रुपये. आकडा आईला दाखवला.

"आनि जेवणखाण?" आईने विचारलं.

"ते आपलं आपण."

"मगे?" एवढंच म्हणून ती सोलं वाळत घालायला गेली.

आई चुकत नव्हती, पण माझंही काही चुकत होतं असं नाही. मी ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: वर्गात उभं राहाल तेवढ्या तासिकेचे पैसे. पेपर तपासणं, सुपरव्हिजन, गॅदरिंगची नाटुकली बसवणं हे सगळं 'मॅडम, आपलंच आहे हो' या खात्यात. दिवाळीची सुट्टी शून्य, मे महिना शून्य. जे काही मिळायचं ते वर्षातून दोनदा, हप्त्याहप्त्याने, आणि महिन्यावर पसरलं तर सात हजारांच्या आसपास यायचं. भरती निघेल, भरती निघेल म्हणत वय बत्तीस झालं. तेव्हा सहासष्ट हजार बघून डोळ्यांवर झापड आली, यात नवल नाही.

आधी मी कोरियाचं बघत होते. तिकडे खाजगी शिकवणीवर्गांना हागवॉन म्हणतात, गल्लोगल्ली असतात. पण तिथे इंग्रजी शिकवायला जो ई-२ व्हिसा लागतो तो सातच देशांच्या पासपोर्टवर मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारात आपल्या शिक्षकांसाठी तिथल्या शाळांची एक खिडकी आहे, पण हागवॉनचं दार बंदच. चीनमध्येही पासपोर्ट बघूनच आत घेतात. मग उरलं थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. व्हिएतनाममध्ये भाषावर्गात शिकवायला पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं. तुमचा देश 'मूळ इंग्रजी'वाला नसेल, तर वर इंग्रजी येतं याचा पुरावा. म्हणून एम.ए. इंग्रजी, बी.एड. अशी मी पणजीला जाऊन, पंधरा हजारांच्या वर फी भरून, मला इंग्रजी येतं हे सिद्ध करून आले. बोलण्याच्या परीक्षेत विचारलं, तुमच्या गावात बदललेली एक गोष्ट सांगा. मी बंदरावरच्या गर्दीवर दोन मिनिटं बोलले. आयुष्यातली सगळ्यात महागडी दोन मिनिटं.

कागदपत्रांचं पुराण थोडक्यात सांगते, कारण यात कुणाला रस नसतो आणि गरज मात्र सगळ्यांना पडते. परदेशात पदवी दाखवायची तर तिच्यावर शिक्के लागतात. आपला देश २००५ पासून ॲपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे बऱ्याच देशांसाठी एका शिक्क्यावर भागतं. व्हिएतनाम तेव्हा त्या करारात नव्हता. म्हणून आधी विद्यापीठाची पडताळणी, मग मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, शेवटी व्हिएतनामच्या वकिलातीचा शिक्का. सावंतवाडी रोडहून तुतारी एक्सप्रेस पकडून मी तीनदा दादरला उतरले. शिवाय पोलिसांचा दाखला, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात. वर्क परमिटच्या अर्जाला तो सहा महिन्यांच्या आतला लागतो. हे सहा महिने लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

एजंटने पासष्ट हजार घेतले. आपल्या कायद्यात नोंदणीकृत एजंटला तीस हजार अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही, आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर पाच मिनिटांत दिसतं. ही दोन्ही वाक्यं मला परत आल्यावर कळली.

जायच्या आधी बोटीवरचा मावसभाऊ सुट्टीवर आला होता. आमच्या किनाऱ्यावर करार वाचायची खरी अक्कल बोटीवाल्यांना. त्याने कागद उलटसुलट केले आणि एकामागून एक विचारत सुटला. "परतीचा तिकीट कोण देता? पगार महिन्याचो की तासाचो? आजारी पडलंस तर?"

"अरे, ही शाळा आहे, बोट नाही," मी म्हटलं.

"तां खंय लिवलेला आसा?"

मी हसण्यावारी नेलं. शेजारची काकी तर वेगळ्याच काळजीत होती. "इंग्लिश शिकवक थंय कित्याक जातंस गो? हंय काय पोरां नाय?"

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी, तिकडचं नववर्ष म्हणजे तेत संपल्यावर, मी हायफाँगला पोचले. उत्तर व्हिएतनाममधलं बंदराचं शहर. मे महिन्यात रस्ते गुलमोहराने लाल होतात, त्या शहराची ओळखच ती. नाक्यानाक्यावर 'बान्ह दा कुआ' मिळतं, तांदळाच्या तपकिरी रुंद शेवयांचं, शेतातल्या खेकड्यांचं पातळ कालवण. पहिल्या घोटाला मला आमच्या पहिल्या पावसातल्या मुठ्या खेकड्यांची आठवण आली. जेवणाचं कधी अडलं नाही, हे आईसाठी लिहून ठेवते.

आता कामाचं. भाषावर्ग चालतात ते मुलांची शाळा सुटल्यावर. म्हणजे सोमवार सोडून रोज संध्याकाळी साडेपाच ते नऊ, आणि शनिवार-रविवार सकाळी आठ ते रात्री आठ. मधले रिकामे तास वर्गाच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या स्टुलावर. ते तास कुणाच्याच हिशोबात नाहीत. चाचणी वर्ग, पालकांसाठीचा 'ओपन डे', हॅलोवीनला चेटकीण होऊन फाटकाशी उभं राहणं, हेही नाहीत. मी मनात म्हटलं, 'आपलंच आहे हो' याला व्हिएतनामीत काय म्हणत असतील?

आणि इथे मला मराठीने फसवलं. आपल्याकडे शाळेतला 'तास' पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. घंटा झाली की तास संपला, आणि मोजताना तो एक तास. तिकडे तास म्हणजे साठ मिनिटं, घड्याळाची. आमचं भाषावर्गाचं केंद्र सकाळी आम्हाला सरकारी प्राथमिक शाळांत पाठवायचं, शाळांशी त्यांचा वेगळा करार होता. तिथली तासिका पस्तीस मिनिटांची, वर्गात पंचेचाळीस पोरं. सकाळी सात वाजता निघून दोन शाळांत मिळून चार तासिका घ्यायच्या, घसा बसवून अकराला परत यायचं, आणि वहीत जमा किती? दोन तास वीस मिनिटं. जाण्यायेण्याचे पैसे नाहीत. भाड्याची स्कूटर घ्यावी तर आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारातलं, व्हिएतनाम मानतो १९६८ चं. अपघात झाला तर विमा हात वर करणार. म्हणून मी ग्रॅब ॲपवरून बोलावलेल्या मोटरसायकलवर मागे बसून जायचे, स्वतःच्या खर्चाने.

वेळापत्रक रोज रात्री फोनवर यायचं. तिकडच्या व्हॉट्सॲपचं नाव 'झालो'. गंमत नाही, खरंच. 'उद्या अमुक वर्ग रद्द' असा निरोप झालोवर आला की माझे दीड तास गेले. ऐंशीपैकी पहिल्या महिन्यात भरले बावन्न. मी मॅनेजरकडे करार घेऊन गेले. ती माझ्याहून लहान, शांत, गोड. तिने नखाने 'अप टू'वर टिचकी मारली आणि विचारलं, "टीचर, यू अंडरस्टँड धिस वर्ड?"

समजला.

पहिल्या आठवड्यात रिसेप्शनवरच्या मुलीने सांगून ठेवलं होतं: मुलांनी विचारलं तर लंडनहून आले म्हणायचं, पालकांना बरं वाटतं. मी आयुष्यात लंडन पाहिलेलं नाही. दुसऱ्याच वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "को, व्हेअर यू फ्रॉम?" माझ्या तोंडून निघालं, "वेंगुर्ला." मग नकाशा उघडावा लागला. वेंगुर्लं कुठे आहे हे कोल्हापूरच्या पलीकडेही सांगावं लागतं, हायफाँगचं काय. पण 'इंडिया' दिसल्यावर वर्गात एकच गिल्ला झाला. बालविवाहावरची आपली एक हिंदी मालिका तिकडे व्हिएतनामी आवाजात घरोघर गाजली होती. पोरांच्या आज्यांना माझ्याबद्दल केंद्राच्या जाहिरातीपेक्षा जास्त माहिती होती. एक आजी तर नातवाला सोडायला आली की माझा हात धरून काहीतरी हळहळायची. माझंही लग्न आठव्या वर्षी लावलं असणार अशी तिची समजूत असावी.

'को' म्हणजे शिक्षिका. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वडिलांची बहीण. म्हणजे मी शंभर-सव्वाशे पोरांची आत्या झाले. आणि योगायोग बघा, आमच्याबरोबर मनिलाची एक शिक्षिका होती, तिला सगळे 'आते' म्हणायचे. मला वाटलं ही पण आत्याच. तर फिलिपिनोमध्ये 'आते' म्हणजे मोठी बहीण. अकरा वर्षं या धंद्यात, तीन देश झालेले. तिने पहिल्याच दिवशी मला एक शंभर पानी वही दिली. तारीख, वर्ग, किती वाजता सुरू, किती वाजता संपला, आणि शेवटच्या रकान्यात वर्गातल्या व्हिएतनामी सहायक शिक्षिकेची सही. "रोज," ती म्हणाली. दूधवाल्याच्या खात्यासारखी ती वही मी वर्षभर चालवली. या साऱ्या प्रकरणात मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम. तेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून.

मे महिन्यात हिशोबनीस मुलीच्या हातून चूक झाली. माझ्या एकटीला पाठवायचा पगाराचा तक्ता तिने झालोवरच्या सगळ्या शिक्षकांच्या गटात टाकला. दहा मिनिटांत काढला, पण दहा मिनिटं पुष्कळ असतात. तीन दर होते. दक्षिण आफ्रिकेचा आमचा सहकारी, तासाला साडेचार लाख डाँग. आते, तीन लाख. मी, अडीच. त्या मुलाशी माझं काही वाकडं नव्हतं, चांगला मुलगा. खेळाच्या व्यवस्थापनातली पदवी, पंचवीस वर्षांचा, घरी आफ्रिकान्स बोलणारा. इंग्रजी तोही माझ्यासारखंच शाळेत शिकला. फक्त त्याचा पासपोर्ट त्या सातांतला. त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं. दोन दिवस तो माझ्यासाठी कॉफी आणत होता. आतेने मात्र तक्ता पाहून चष्मा पुसला आणि वहीत तारीख लिहायला घेतली.

त्याच मुलाकडून कोरियाचं कळलं. तिथे वर्ष भरलं की मालकाला एक महिन्याचा पगार जास्तीचा द्यावा लागतो, कायद्याने. म्हणून काही हागवॉन अकराव्या महिन्यात काहीतरी खुसपट काढून शिक्षकाला घालवतात. जपानची कथा आतेला ठाऊक होती. नोवा नावाची तिथली इंग्रजी शिकवण्यांची सगळ्यात मोठी साखळी २००७ च्या ऑक्टोबरात बुडाली, हजारो परदेशी शिक्षक पगारावाचून अडकले. त्यांच्या पगारातून घरभाडं कापलं जात होतं, पण ते घरमालकांपर्यंत पोचलंच नव्हतं. दाराशी घर सोडायच्या नोटिसा, खिशात पैसे नाहीत. हे ऐकल्यावर मी खोलीचं भाडं केंद्रामार्फत न देता थेट घरमालकिणीच्या हातात द्यायला लागले.

वर्क परमिटचं काय? 'होतंय.' मी नव्वद दिवसांच्या ई-व्हिसावर आले होते, तो पर्यटकाचा. परमिटशिवाय काम करताना पकडलं तर परदेशी माणसाला दीड ते अडीच कोटी डाँग दंड आणि वर घरी रवानगी. केंद्राला दंड होतो, पण केंद्राला कुणी विमानात बसवत नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी झालोवर निरोप आला: आज परदेशी शिक्षकांनी येऊ नये. तपासणी होती. मी तेव्हा आधीच वर्गात होते. सहायक मुलीने मला मागच्या जिन्याने खाली नेलं आणि शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात बसवलं. न्हाव्याने एक शब्द न विचारता मला पेरू कापून दिला, मीठ-मिरची लावून. त्याला सवय असावी. मी, गावातली 'मॅडम', हातात मार्कर घेऊन न्हाव्याच्या खुर्चीत लपलेली. तो दिवस घरी कुणाला सांगितला नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

परमिटला उशीर झाला तसा पोलिसांचा दाखला सहा महिन्यांपलीकडे गेला. पुन्हा काढा. ई-व्हिसा संपला, रात्रीच्या बसने कौ चेओच्या नाक्यावरून लाओसमध्ये पाऊल टाका आणि नव्या व्हिसावर परत या. खर्च माझा. त्या आठवड्याचे तास शून्य. परमिट हातात आलं जुलैमध्ये. आणि त्याबरोबर सही करायला दुसरा करार, व्हिएतनामी आणि इंग्रजीत. हा सरकारी खात्यात दाखवायचा. यात माझा मूळ पगार खऱ्याच्या निम्म्याहून कमी, बाकीचं 'भत्ता'. मी विचारलं तर उत्तर आलं, "ओन्ली पेपर, टीचर." पेपरच तर सगळं असतो! विम्याची कपात त्या मूळ पगारावर, आणि काही अडलं तर हक्कही त्यावरच.

ते अडलं सप्टेंबरात.

७ सप्टेंबर २०२४. घरी गणेश चतुर्थी. कोकणातल्या माणसाला चतुर्थीला घराबाहेर राहणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळतं. बोटीवरचेही त्या हिशोबाने सुट्टी मागतात. मी आदल्या दिवशी तांदळाचं पीठ आणलं होतं, नारळ खवून ठेवला होता. आणि त्याच दिवशी दुपारी यागी वादळ हायफाँगच्या किनाऱ्याला धडकणार होतं. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, बादल्या भरल्या. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. मी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा घरी माटवी बांधून झाली होती, कवंडाळं, आंब्याचे टाळ, नारळाचा झुपका. बाबा सोवळं नेसून चौरंगाशी बसलेले. गुरुजी अजून यायचे होते. आई फोन मूर्तीसमोर धरून उभी होती, तेवढ्यात रेंज गेली. मग वीज गेली. इंडक्शनची शेगडी बंद, मोदकांची उकड तशीच पातेल्यात.

तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, मी घरीच होते. आमचा फणस पडला होता, मांगराचे पत्रे उडाले होते. तो आवाज मला माहीत होता. पण तेव्हा घरात सातजण होते. इथे चौथ्या मजल्यावर, दोन्ही बाजूंनी चेपलेल्या अरुंद इमारतीत, मी आणि दाराच्या फटीतून आत येणारं पाणी. अडीचच्या सुमारास समोरच्या घराचा पत्रा कागदासारखा गेला. संध्याकाळी घरमालकीण टॉर्च घेऊन वर आली आणि मला हाताला धरून खाली तिच्याकडे घेऊन गेली. तिच्या देव्हाऱ्यात उदबत्ती होती. मी माझ्या पाकिटातला गणपतीचा फोटो तिथेच टेकवला, खोबरं आणि साखर वाटीतून ठेवली. तिने काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने त्यातलं चिमूटभर उचलून तोंडात टाकलं. प्रसाद आहे हे तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

केंद्राच्या छपराचे पत्रे आणि पाटी दोन्ही गेली. नऊ दिवस वर्ग बंद. त्या महिन्याच्या हिशोबात नऊ दिवसांपुढे शून्य. मी तोवर भाषांतराच्या ॲपवर त्यांचा कामगार कायदा वाचायला लागले होते. २०१९ चा, २०२१ पासून लागू. कलम ९९: नैसर्गिक आपत्तीने काम थांबलं तर पहिल्या चौदा दिवसांसाठी काहीतरी पगार ठरवून द्यावा लागतो, किमान वेतनाच्या खाली नाही. कलमाचा फोटो काढून मॅनेजरला दाखवला. तिने तो मन लावून वाचला. मग म्हणाली, तुम्ही तासावर आहात, तास झाला नाही. मी म्हटलं, सरकारी खात्यात दिलेल्या करारात तर मी महिन्याच्या पगारावर आहे. ती पहिल्यांदा गप्प झाली. चार दिवसांनी मला पाच लाख डाँग 'मदत' म्हणून मिळाले, आणि इन्स्टंट नूडल्सचे दोन खोके. किमान वेतनाचा हिशोब केला तर ते कितीतरी जास्त व्हायला हवे होते. पण आतेलाही दोन खोके मिळाले, त्याआधीच्या कुठल्याच वादळात तिला काही मिळालं नव्हतं.

२० नोव्हेंबरला तिकडे शिक्षक दिन असतो. आपल्याकडे ५ सप्टेंबरला गुलाबाचं एक फूल आणि पेन मिळतं. तिकडे पालक गुच्छ घेऊन रांगेत येतात. मला चौदा गुच्छ मिळाले. कार्नेशन, सूर्यफुलं, जरीच्या फिती. खोलीत ठेवायला जागा नव्हती म्हणून न्हाणीघरातल्या बादलीत, टबात, भाताच्या कुकरच्या भांड्यात पाणी घालून ठेवले. ऑक्टोबरचा पगार तोवर आला नव्हता, तीन आठवडे उशीर. भाड्याचे पस्तीस लाख डाँग द्यायचे होते. म्हणजे जेमतेम पावणेबारा हजार रुपये, पण तेवढेही नव्हते. मी दोन गुच्छ घेऊन घरमालकिणीकडे गेले. ती हसली आणि म्हणाली, पगार झाला की दे. फुलं ठेवून घेतली.

कराची गोष्ट रुक्ष आहे, पण पैशाची आहे. वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्या परदेशी माणसाचा कर सरसकट वीस टक्के. त्याहून जास्त राहिलात तर तुम्ही तिथले 'रहिवासी', मग टप्प्याटप्प्याचा दर, आणि तेव्हा महिन्याला एक कोटी दहा लाख डाँग वजावट. एक कोटी ऐंशी लाखांच्या पगारावर फरक बघा: सरसकट छत्तीस लाख, टप्प्याने साडेचार लाख. माझा वीस टक्के शेवटपर्यंत कापत राहिले. 'नंतर अॅडजस्ट होईल.' मी स्वतः अर्ज भरून आलेय. परतावा अजून आलेला नाही.

हे सगळं असून शिकवण्याचा आनंद खोटा नव्हता. व्हिएतनामी पोरांच्या तोंडात शब्दाच्या शेवटचं व्यंजन टिकत नाही. 'हाउस'चं 'हाउ' होतं, 'राइस'चं 'राइ'. मी त्यांना सापासारखं फुसफुसायला शिकवलं, सगळा वर्ग दोन मिनिटं 'स्स्स' करायचा. एका पालकाने तक्रार केली की या बाईंचा उच्चार भारतीय आहे. त्याच्याच मुलीने त्या महिन्यात पहिल्यांदा 'बस' म्हटलं, शेवटच्या 'स'सकट. वीस पोरांच्या वर्गात गोष्ट कशी सांगायची, चित्रावरून बोलतं कसं करायचं, हे मी तिथे शिकले. आपल्या बी.एड.ने मला पाठ टाचणं काढायला शिकवलं होतं.

तेत जवळ आला. २०२५ मध्ये तो २९ जानेवारीला होता. कायद्याने पाच दिवसांची पगारी सुट्टी. प्रत्यक्षात वर्ग अडीच आठवडे बंद, तासवाल्यांना पाच दिवसांचेही नाहीत. मी करार वाढवला नाही. शेवटच्या हिशोबात त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माझे एकवीस तास, माझ्या वहीप्रमाणे अठ्ठावन्न. मी शंभर पानी वही टेबलावर ठेवली. ज्या मुलीच्या सह्या होत्या तिला बोलावलं. ती बिचारी मान खाली घालून उभी राहिली, पण सह्या माझ्याच आहेत म्हणाली. तासभर घासाघीस होऊन पन्नासावर तुटलं. त्या मुलीला पुढे त्रास झाला का, हे मी आतेला दोनदा विचारलं. ती मुलगी अजून तिथेच आहे, असं आते म्हणते.

मार्चमध्ये परत आले. सुरंगीचे वळेसर बाजारात होते, आंब्याला कणी धरली होती. एजंट, विमान, शिक्के, लाओस, सगळं वजा जाता वर्षाचे एक लाख चाळीस हजार उरले. तासिका तत्त्वावर वीस महिन्यांत एवढं झालं असतं, घरचं जेवून. सध्या घरीच दहावीची शिकवणी घेते, महिन्याची फी, तासाची नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकीचा मुलगा कागद घेऊन आला. कंबोडियातलं ऑफर लेटर, नऊ पानं. पडवीत बसून मी पेन्सिलने वाचलं. पाचव्या पानावर 'अप टू' सापडलं, सहाव्यावर परतीच्या तिकिटाचा उल्लेखच नाही, परमिट कोण काढणार ते कुठेच नाही. त्याच्याकडून ईमेल लिहून घेतला, तीनच प्रश्न: महिन्याला किमान किती तासांचे पैसे नक्की, परमिट कधी आणि कुणाच्या खर्चाने, काम बंद पडलं तर काय. स्पेलिंग त्याची त्याने तपासली.

उत्तर अजून नाही. काकी रोज तिन्हीसांजेला कुंपणाशी येऊन उभी राहते. "ईमेल इलो काय गो?"